सरसाचं चिलखत

अमेरिकेत स्टेट कॉलेज नावाच्या गावी शिकत असताना माझा रूममेट पुण्याचा होता आणि त्याला सगळंच माहीत होतं. असली माणसं मला कधीच सोसली नाहीत. त्या उन्हाळ्यात त्याला प्राचीन ग्रीक सैनिकांचं वेड लागलं. काशाची चिलखतं श्रीमंतांची, बाकीचे शिपाई लिननचे थर एकमेकांना चिकटवून चिलखत करायचे, असं तो भेटेल त्याला ऐकवायचा. वास्तविक तसं एकही चिलखत आज शिल्लक नाही. आहेत ती भांड्यांवरची चित्रं. थर चिकटवलेले होते की शिवलेले, यावर जाणकारांचंच एकमत नाही. मी मटेरियल्स सायन्सचा विद्यार्थी, म्हणून म्हटलं, "शिवून बघ. सरस घामाने मऊ पडेल."

"तुला नाही कळायचं, यार."

मग त्याने सशाच्या कातड्याचा सरस आमच्या वरणाच्या पातेल्यात शिजवला. घरभर कुबट वास. लिननचे थर चिकटवून छाती-पाठीला गुंडाळायचा एक लांब पट्टा केला, डाव्या बगलेखाली त्याच्या नाड्या, पाठीमागून खांद्यांवर ओढून छातीशी बांधायच्या दोन पट्ट्या. कॅम्पसवरच्या जुन्या वेशभूषांच्या जत्रेच्या सकाळी ते अजून ओलसरच होतं, तरी त्याने चढवलं.

"अंगावर वाळलं की अंगाचा आकार घेतं. डोकं लागतं त्याला!"

उन्हात ते वाळलं. टी-शर्टला चिकटलं आणि डावीकडची कडही चिकटून बसली. परतताना बसमध्ये त्याला बसता येईना. दांडा धरून तो कपाटासारखा ताठ उभा, आणि तशातही शेजारच्या म्हातारीला ग्रीस समजावून सांगत होता.

घरी येताच ओरडला, "काप रे हे! श्वास घेता येत नाहीये!"

स्वयंपाकघरातली कात्री त्या थरांत शिरेना. शेवटी त्याला गरम पाण्याच्या शॉवरखाली उभं केलं. बऱ्याच वेळाने सरस विरघळला आणि ते लिबलिबीत धूड सोलून काढता आलं. त्याच्या बगलेची कातडीही थोडी निघाली. मला दया यायला हवी होती. आली नाही.

"पाहिलंस? कात्रीसुद्धा चालली नाही!" टॉवेल गुंडाळत तो म्हणाला.

तिथल्या मराठी मंडळाच्या दिवाळीत त्याने यावर भाषण ठोकलं. आपण मुद्दाम दिवसभर चिलखत घालून प्रयोग केला, घाम आणि पाणी लागलं की सरस सुटतो हा निष्कर्ष आपलाच, असं सांगितलं. शेजारच्या काकू मला म्हणाल्या, "किती हुशार आहे ना तुझा मित्र!"

"मित्र नाही, रूममेट," मी म्हटलं आणि जेवणाच्या रांगेत जाऊन उभा राहिलो.