सात मोटारी बंद ठेवून बांधलेला कंपायलर

"एका तासाचं काम आहे," असं मी दूध संस्थेच्या अध्यक्षांना सांगितलं, तेव्हा मला दोनच गोष्टी माहीत नव्हत्या. पहिली म्हणजे ते काम, आणि दुसरी, तास किती लांब असू शकतो.

अध्यक्षांना सगळं गाव अण्णा म्हणायचं, मीही. ऐंशीचं दशक संपत आलेलं, पावसानं सलग दुसऱ्या वर्षी तोंड फिरवलेलं. कळंब-वाशी रस्त्यापासून आत असलेल्या आमच्या गावात संस्थेनं चारा डेपो काढला होता. कुठल्या गावचा चारा कधी संपतो ते बघून ट्रक आधी कुठं पाठवायचा, हे ठरवणारा प्रोग्राम पुण्यातल्या माझ्या सरांनी लिहून दिला होता. मशीनही पुण्याचंच. एका कंपनीनं काढून टाकलेलं, युनिक्सवर चालणारं, चौघांनी उचलायचं. अडचण एवढीच की प्रोग्राम मॉड्युला-टू नावाच्या भाषेत होता आणि ती भाषा आमच्या मशीनला येत नव्हती. तशी ती पुण्यातही फार कुणाला येत नव्हती.

माणसानं लिहिलेलं मशीनला कळेल असं करून देणारा जो दुभाषी असतो, तो कंपायलर. आमच्या मशीनची जात वेगळी पडल्यामुळं सरांनी तो चौदा फ्लॉप्यांवर कच्चाच दिला होता. त्याचे शंभरेक तुकडे मशीननं एकेक करून तयार करायचे, शेवटी सगळे जोडायचे, मग दुभाषी बोलायला लागणार. सोबत वीस पानांची झेरॉक्स होती. ती मी पिशवीच्या तळाला, धपाट्यांच्या खाली घातली. पुण्याहून कोर्स करून आलेल्या माणसानं कागद कशाला वाचायचे?

तुकडे व्हायला दोन तास लागणार होते, आणि आमच्या गावात होल्टेज सलग दोन तास टिकत नव्हतं. संस्थेची खोली ज्या डीपीवर, म्हणजे शिवारातल्या ट्रान्सफॉर्मरवर होती, त्याच डीपीवर विहिरींच्या सात मोटारी होत्या. दुष्काळात विहिरीला पाणी कमी, म्हणून जो तो अर्धा तास मोटार चालवायचा, बंद करायचा, झऱ्यांनी वीतभर पाणी साठवलं की पुन्हा बटण दाबायचा. कोण कधी दाबेल याचा नेम नाही. दोन-तीन मोटारी एकदम उठल्या की खोलीतला बल्ब विडीच्या टोकासारखा लाल व्हायचा, स्टॅबिलायझर टकटक करायचा आणि मशीन मान टाकायचं.

मी लाईट यायची वाट बघायचो, अर्धवट झालेले तुकडे पुसून टाकायचो आणि पहिल्यापासून सुरू करायचो. सरांनी वर्गात सांगितलेलं एकच वाक्य माझ्या डोक्यात पक्कं बसलं होतं, की सुरुवात स्वच्छ पाटीवर करावी. पाच दिवसांत मी पाच वेळा पाटी स्वच्छ केली. एकदा तर नव्वद तुकडे झाले होते.

अण्णा दारात येऊन म्हणाले, "काय, आलं का बोलता तुझ्या लेकराला?"

"अण्णा, दोन तास मोटारी बंद राहिल्या तरच होईल."

"मग मला काय सांगायलास? मोटारी माझ्या हायत व्हय? ज्यांच्या हायत त्येंला सांग."

दुसऱ्या दिवशी सकाळी दूध घालायला रांग लागली, तेव्हा मी कॅनवर उभा राहून भाषण केलं. युनिक्स, मॉड्युला-टू, एकविसावं शतक, सगळं आलं त्यात. लोकांनी शांतपणे ऐकलं. मग मागून कुणीतरी विचारलं, "आधी कॅनवरनं उतर बाबा. झाकण चेमटंल."

उतरलो, आणि दोन वाक्यांत सांगितलं: गुरुवारी सकाळी आठ ते दहा मोटारी बंद ठेवा, म्हणजे चाऱ्याचे ट्रक वेळेवर लावता येतील. सहा जण हो म्हणाले. सातवी मोटार आक्कांची. नवरा गेल्यावर दोन म्हशी आणि दहा गुंठे लसूणघास एवढ्यावर त्यांनी घर चालवलं होतं. घासाचे शेवटचे तीन वाफे पिवळे पडायला लागले होते. तिथवर पाणीच पोचत नव्हतं.

"दोन तास म्हंजी माज्या दोन वेळा गेल्या की रं," आक्का म्हणाल्या. "त्ये वाफे गेले तर म्हशीला काय घालू? तुजं मशीन?"

"आक्का, तुम्ही म्हणाल तर नको."

"न्हाय कशाला म्हणू? सगळ्या गावाच्या चाऱ्याचं हाय. पर एकदाच हं. पुन्यांदा मागाय आलास तर ह्येच कॅन डोक्यात घालीन."

गुरुवारी आठला सगळं शिवार गप्प झालं. बल्ब असा लख्ख पेटला की खोलीतली जळमटं पहिल्यांदाच दिसली. एकेक तुकडा होत गेला. मला काहीच काम नव्हतं. झाडायला घेतलं, तेही संपलं. शेवटी वेळ जाईना म्हणून मी पिशवीतून ती झेरॉक्स काढली.

सहाव्या पानावर लिहिलं होतं: मध्येच काम थांबलं तर झालेलं पुसू नका. शेवटचा अर्धवट तुकडा तेवढा काढा आणि तीच आज्ञा पुन्हा द्या. पुढचं तिथूनच सुरू होईल.

मी ते तीनदा वाचलं. तिन्ही वेळा तेच लिहिलेलं होतं. म्हणजे तो नव्वद तुकड्यांचा दिवस! त्या दिवशी उरलेलं काम पंधरा मिनिटांचं होतं. सात मोटारी, सात विहिरी, आक्कांचे तीन वाफे, यातलं काहीही अडवायची गरज नव्हती.

पावणेदहाला कंपायलर उभा राहिला. दोन ओळींचा प्रोग्राम देऊन बघितला, मशीननं निमूटपणे उत्तर दिलं. अण्णांनी माझ्या पाठीवर अशी थाप मारली की मला ठसका लागला. पण मला आनंद करता येईना. दहा वाजून गेले आणि मी आक्कांच्या रानाकडं निघालो. वाटेत मी तीन खोट्या गोष्टी तयार केल्या, तिन्ही चांगल्या होत्या.

आक्का खोरं घेऊन बांधावरून धावत होत्या. "ये, ये! बारं धर! पाणी फुटंल!"

मी चप्पल काढून चिखलात उतरलो आणि वाफ्याच्या तोंडाला माती लावली. शेवटच्या वाफ्यात पाणी शिरत होतं. एरवी अर्ध्या तासाचं पाणी निम्मं कोरड्या पाटातच मुरायचं, पाट भिजेपर्यंत मोटार बंद. आज विहीर दोन तास निवांत होती, पाणी साठलं होतं. ते एका दमात पाट भिजवून टोकापर्यंत आलं.

"तुजं मशीन लई गुणाचं हाय," आक्का म्हणाल्या. "उंद्या बी लाव."

गप्प राहिलो असतो तर त्या दिवशी मी गावचा मोठा माणूस झालो असतो. पण पायाला गार पाणी लागत होतं आणि तयार केलेल्या तिन्ही गोष्टी आठवेनात. मी सगळं सांगून टाकलं, सहाव्या पानासकट.

आक्का खोऱ्यावर हात ठेवून ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हंजी कागद तुज्यापाशीच व्हता?"

"व्हय."

"आन तुला वाचाया येतंय?"

 त्या इतक्या हसल्या की बांधावर बसल्या.

दुसऱ्या दिवशी रांगेत भाषण आक्कांनी केलं, जमिनीवर उभं राहून. "समदे मिळून पाटाला पाणी पाजायलाव आपुन, पिकाला न्हाय. लाईट आठ तास. दोन-दोन तासाच्या चार पाळ्या करा. एका पाळीला दोनच मोटारी. बाकीच्यांच्या हिरी भरू द्या."

थोडी कुरकुर झाली. पहिली पाळी कुणाची यावर जास्त झाली. पण कॅन रिकामे व्हायच्या आत पाळ्या ठरल्या, कागद नाही की मशीन नाही. हिशेब केला तर दोन-दोनच्या चार पाळ्यांत आठ जागा झाल्या आणि मोटारी सातच.

"आठवी जागा मशीनला द्या," आक्का म्हणाल्या.

"आक्का, आता गरज नाही. थांबलं तरी तिथूनच पुढं चालतं."

"मशीनचं ठाव हाय रं," त्या म्हणाल्या. "तुजा काय भरोसा? बस दोन तास लाईटीत, आन उरलेली चौदा पानं वाचून काढ."