झोपलेले जंतू आणि पूनमची पिशवी

लॅबमध्ये किस्से जमवावे लागत नाहीत. रक्ताच्या नळ्यांसारखे तेही साठत जातात, फक्त लेबल लावायचं राहतं. लग्न होऊन धुळ्यात आले आणि टीबीच्या संशोधनात नोकरी लागली. शरीर या जंतूशी कसं लढतं आणि औषध लागू पडतंय का, ते आम्ही रक्तावरून बघतो. मी कमी बोलते, त्यामुळे ऐकायला भरपूर मिळतं.

* * *

तुलनेसाठी निरोगी माणसांचंही रक्त लागतं. आमच्या सासऱ्यांनी हौसेनं दिलं. तेव्हापासून रोज जेवताना चौकशी, पुण्याला शिकायला गेलेल्या पोराची करावी तशी.

"मनं रगत काय करस आते?"

"फ्रीजमध्ये आहे, आबा."

आबांनी छताकडे पाहिलं. "बरं शे! आठे तर पंखाबी बंद शे!"

* * *

टीबीच्या चाचणीसाठी हातावर कातडीखाली सुई टोचतो, दोन दिवसांनी किती सूज आली ते मोजतो. एक नाना हळद-चुना थापून हजर. चेहऱ्यावर विजय!

"बठ्ठी सूज बसी गई, म्याडम!"

आमच्या डॉक्टर मॅडमनी हातातली मोजपट्टी खाली ठेवली. "नाना, आम्हाला तीच मोजायची होती!"

"मंग पहिलेच सांगनं व्हतं ना! वाढाई देतू."

* * *

पूनमचं लग्न माझ्याच मागेपुढे झालं. माहेर दोंडाईचा. सासरी आली आणि टीबी निघाला. तिच्या सासूबाई, अक्का, दर तपासणीला तिची कपड्यांची पिशवी भरूनच आणायच्या. इथूनच दोंडाईचाच्या बसमध्ये बसवायला!

"आमना घरमा हाई रोग कधीच नव्हता. माहेरथून लई उनी!" रोग पूनमनंच आणला, हे त्यांचं पक्कं.

"अहो, औषध लागू पडतंय, थुंकी साफ आली," मॅडम दर वेळी समजवायच्या. पिशवी दर वेळी घरी परत जायची. पूनम मान खाली घालून पिशवीचा बंद पिळत बसायची. तिचा आवाज आम्ही ऐकलाच नव्हता.

परवा अक्का ठाम होत्या. "आज धाडसूच!"

त्याच दिवशी पूनमच्या सासरच्या सगळ्यांच्या रक्ताचे रिपोर्ट आले. मॅडम म्हणाल्या, "अक्का, जंतू तुमच्याही अंगात आहेत. घाबरू नका, झोपलेले आहेत. आजार नाही, कुणाला लागणार नाही. जागे होऊ नयेत म्हणून गोळ्या घ्या."

"मना अंगमा? कवयपासून?"

"ते रक्त सांगत नाही."

पूनमनं पहिल्यांदाच मान वर करून सासूकडे पाहिलं. बंद सोडून पिशवी उघडली.

"आत्या, यामा तुमनं बी एक लुगडं टाकू का?"