अक्का आणि वरून पडणाऱ्या विटा

अख्ख्या अहिल्यानगर जिल्ह्यात, कलेक्टर कचेरी धरून, मोबाईल सर्वांत गंभीरपणे कोणी वापरत असेल तर ती माझी थोरली बहीण, आमची अक्का. वय चोपन्न, सासर पाथर्डीकडचं, मुक्काम आता केडगावात आणि काम शिवणाचं. मोबाईलवर ती बातम्या बघत नाही, सकाळी उठून कुणाला गुलाबाची फुलं पाठवत नाही. दुपारची जेवणं उरकली की पाटावर बसायचं, कपाळावरचा चष्मा नाकावर आणायचा आणि विटांचा गेम लावायचा. वाकड्यातिकड्या विटा वरून एकेक खाली येतात. त्या फिरवून अशा बसवायच्या की ओळीत फट राहू नये. ओळ भरली की नाहीशी होते आणि ढीग वर टेकला की खेळ खलास. एवढंच. पण तेवढ्या वेळात घरात कुणी मोठ्यानं शिंकलेलंही तिला खपत नाही. एकदा ऐन रंगात श्रीगोंद्याहून फोन आला, भाच्याला, म्हणजे तिच्या मुलाला, सांगून आलेल्या स्थळाकडचा. अक्कानं कापला. पुन्हा आला, पुन्हा कापला. तिसऱ्यांदा उचलून म्हणाली, "हां, बोला. आता मोकळी झाले." बाई फार कामाची दिसतेय असं वाटून त्या मंडळींनी आठवड्यात होकार कळवला.

भाच्यानं तिला दुसरे गेम लावून पाहिले. बंदुकीचा गेम बघून ती म्हणाली, "मानसं मारायची अन् वर शाबासकी घ्यायची? न्हाई बा." मोटारींच्या शर्यतीत, "येवढ्या घाईनं जायचंय कुठं, ते कुनी सांगंना." शेतीचा गेम मात्र तिनं दोन मिनिटं नीट पाहिला. बोट लावलं की पाणी, बोट लावलं की पीक. मग फोन परत देऊन म्हणाली, "पाथर्डीत वीस वर्षं आभाळाकडं बघितलंय मी. असलं खोटं मला न्हाई सोसायचं." विटा खऱ्या होत्या, कारण त्या कापडासारख्या होत्या. तोकड्या कापडातही अक्का ब्लाउज असा बेतते की उरलेल्या चिंधीत कुणाचं तरी टोपरं निघतं. चिंधी वाया गेली तर त्या दिवशी तिला अन्न गोड लागत नाही.

मी नगरच्या एका कॉलेजात शिकवतो. आमच्या स्नेहसंमेलनात गेमची स्पर्धा होती, सगळ्यांना खुली, आणि गेम नेमका हाच, विटांचा. मी ते अक्काकडे सहज बोलून गेलो. दाजी खो खो हसले. "जा की मग. पोरं हसतील, तेवढीच करमणूक." अक्कानं चष्मा नाकावर आणला. दुसऱ्या दिवशी सकाळी तिचा फोन आला, "माझं नाव घाल." खरं सांगायचं तर मला काळजी वाटली ती तिची नव्हे, माझी. वर्गातली सगळी पोरं बघणार होती.

ती इस्त्रीची जांभळी साडी नेसून आली. दारातला स्वयंसेवक नम्रपणे म्हणाला, "काकू, प्रेक्षकांनी मागं बसायचंय."

"मी प्रेक्षक न्हाई बाळा. चौदा नंबर हाय."

सभागृह हसलं. मी चपलांकडे बघत राहिलो. अक्का खुर्चीवर मांडी घालून बसली आणि पहिली फेरी जिंकली. दुसरी जिंकली. तिसऱ्या फेरीत हसणं थांबलं होतं. अंतिम फेरीत समोर गेल्या वर्षीचा विजेता, शेवटच्या वर्षाचा पोरगा. ज्याचा ढीग आधी वर टेकेल तो हरणार. विटांचा वेग वाढत गेला. अक्कानं कडेला एक उभी फट राखून ठेवली होती, त्यात बसणारी लांब वीट काही केल्या येईना आणि ढीग चढत चालला. तिला फक्त स्कूटरवरून सोडायला आलेले दाजी शेवटच्या बाकावर उभे राहून ओरडले, "अगं, बुजव ती फट! कशानंबी बुजव!"

मान न वळवता अक्का म्हणाली, "गप बसा हो. येती ती."

आणि आली. लांब, सरळ. अक्कानं ती उभी करून फटीत सोडली, चार ओळी एका दमात गेल्या आणि सभागृह उठून उभं राहिलं. त्या गोंधळात पोराचा हात चुकला आणि त्याचा ढीग वर टेकला. तो स्वतः उठून तिच्या पाया पडला. दाजी दोन बोटं तोंडात घालून शिट्ट्या मारत होते. प्राचार्यांनी यशाचं रहस्य विचारलं, तर म्हणाली, "सर, ब्लाउज बेतायला शिका." आणि मघाशी चपलांकडे बघणारा मी, भेटेल त्याला सांगत सुटलो, "माझी सख्खी बहीण!"

यंदा डोळ्यांच्या डॉक्टरांनी तिला मोबाईल दिवसाला अर्धाच तास सांगितला आहे. त्यातला निम्मा वेळ ती दाजींना देते. परवा गेलो तेव्हा दाजी खेळत होते, वीट भलतीकडे टाकत, जागोजागी फटी सोडत. अक्का शेजारी बसून बघत होती. फक्त मांडीवरची तिची बोटं हळूहळू विटा फिरवत होती. दाजींचा ढीग वर टेकला.

"हरलो का गं?"

"लावा परत," अक्का म्हणाली. "माझा येळ घ्या."