टाळाचा नाद विरायच्या आत

बेटाच्या उत्तरेकडच्या दवाखान्यात गणूच्या उशाशी बसलो होतो तेव्हा मावशी दोनदा म्हणाली, "बिस जाईल तुझा, नीघ आता." बिस म्हणजे बस; क्वात्र बॉर्नला घरी परतायची माझी शेवटची. मी उठलो नाही. तासाभरानं, उन्हं कलताना, गणू गेला. माझा मावसभाऊ, चाळिशीही गाठली नव्हती. काविळीनं नेला. दीड महिना झाला, पण त्या दिवशी बस सोडली याचं मला अजूनही समाधान वाटतं... त्याचं कारण थोडं जुनं आहे.

काही वर्षांपूर्वी माझी बहीण कमल लंडनहून एका खेळाचा खोका घेऊन आली. वीस बाजूंचे फासे, नकाशे आणि नियमांचं जाडजूड पुस्तक. एकानं गोष्ट चालवायची, बाकीच्यांनी योद्धे किंवा जादूगार व्हायचं आणि राक्षस भेटले की फाशांवर लढायचं. गोष्ट चालवण्याचं काम माझ्याकडं आलं. मी सरकारी खात्यातला कारकून, नियमांचं पुस्तक दिसलं की माझी कळी खुलते. दर रविवारी दुपारी आमच्याकडं डाव मांडायचा. गणू उसाच्या कारखान्यात फिटर होता. तो उत्तरेतल्या प्लेन दे पपायहून बस बदलत यायचा आणि चार वाजता, हमखास अर्ध्या लढाईत, परतीच्या बससाठी उठायचा. चार गॉब्लिन, म्हणजे खुजे राक्षस, मारायला आम्हाला दोन तास लागत. कमल मोठ्यानं विचार करी, मी पानं चाळी. लढाईचा शेवट गणूनं कधी पाहिलाच नव्हता.

एका रविवारी तो निघून गेल्यावर त्याचा योद्धा भीमा मारला गेला. फासा माझ्याच हातून पडला होता. नियम म्हणजे नियम, म्हणून मी भीमाच्या नावावर लाल शाईनं रेघ ओढली. पुढच्या रविवारी गणूनं भेंड्यांची पिशवी आईच्या हाती दिली आणि भीमाचा कागद उचलून पाहिला.

"मेला तर मेला, दादा. पण मी बिसमध्ये ऊस बघत बसलो आणि हितं माझा माणूस मेला. मी हाय तवर मरू दे की त्याला."

मला फार ओशाळं वाटलं.

आठ दिवसांनी तो गावच्या गणपतीतले टाळ घेऊन आला. म्हणाला, "गणपतीपुढं झाकरीत नाचताना आपली पाळी यायच्या आधीच पाय उचललेला असतो का नाय? तसंच करायचं. टाळ वाजला की नाद विरायच्या आत सांगायचं, काय करणार. नाय सांगितलं तर आपला माणूस नुसता ढाल धरून उभा. वित-वित, झटपट."

त्यानं आणखीही ठरवलं होतं: वार लागला का आणि किती लागला, याचे दोन्ही फासे एकदमच टाकायचे. सगळ्या गॉब्लिनांसाठी मी एकदाच टाकायचा.

"पुस्तकात असं नाही," मी म्हणालो.

"दादा, पुस्तकाला बस गाठायची नसते," कमल म्हणाली.

पहिल्या फेरीत कमल विचार करत राहिली, नाद विरला, आणि तिची जादूगारीण गुमान उभी राहिली. कमल फुगून बसली. दुसऱ्या फेरीला मात्र टाळ वाजायच्या आत तिचा हात फाशांवर होता. साडेतीनला शेवटचा गॉब्लिन पडला. गणूचा नवा योद्धा दोन घाव खाऊन जिवंत होता. गणूनं चहा मागितला, सावकाश बशीत ओतून प्यायला, आणि बसचं नावही काढलं नाही. पुढं कितीतरी रविवार असेच गेले. फार सुखाचे होते ते.

परवा मावशीनं ते टाळ आमच्याकडं पाठवले. रविवारी आम्ही डाव मांडला, त्याची खुर्ची होती तिथंच ठेवली. मी टाळ वाजवला. कमलचे फासे मुठीत तयार होते. तरी ती बोलली नाही, मीही बोललो नाही. नाद पूर्ण विरेपर्यंत दोघंही ढाल धरून नुसते उभे राहिलो.