नेशील तेवढी आण

"किती?" धक्क्यावरून काका ओरडत. मी माझ्या बोटीतून "पाच" म्हणालो, तरी स्वतः एकेक डोकं मोजत आणि मगच म्हणत, "नेशील तेवढी आण रे."

तुम्ही शहापूर-मुरबाडकडे धरणाच्या पाण्यावर मोटरबोटीतून फिरला असाल, तर त्यांना पाहिलंच असेल. प्रत्येकाचं लाइफ जॅकेट खांद्यांना धरून वर ओढणारे तेच. जॅकेट कानापर्यंत सरकलं, की पट्टे पुन्हा आवळायचे. पट्टीच्या पोहणाऱ्यालाही सुटका नव्हती. त्यांच्या मनगटात इंजिनची लाल दोरी असायची. चालवणारा पाण्यात पडला, की ती ओढली जाऊन इंजिन बंद पडतं. माझी दोरी मी सुकाणूलाच गुंडाळून ठेवायचो.

खोटं कशाला सांगू, मी त्यांच्यावर जळायचो. माझी बोट जोरात पळायची, वळणं मी झोकात घ्यायचो, तरी लेकुरवाळ्या बाया त्यांच्यासाठी ताटकळत थांबायच्या.

एका रविवारी माझी बायको मुलीला घेऊन आली आणि माझ्यादेखत तिला त्यांच्या बोटीत बसवलं. मी विचारलं, तर म्हणाली, "तुमी लय जोरात पळवता."

त्या दिवसापासून मी त्यांची चूक शोधत राहिलो.

ती सापडली. सहा माणसांची बोट. त्यांनी मोजलं, "सहा," आणि इंजिन सुरू केलं. एका बाईच्या पदराखाली बाळ झोपलं होतं, जॅकेटशिवाय. मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "काका, सात हायत."

त्यांनी इंजिन बंद केलं. प्रत्येकाच्या डोक्याला हात लावून पुन्हा मोजलं. बाईला हात देऊन उतरवलं. मग मनगटातली दोरी सोडून माझ्या हातात दिली.

"डोळं नाय साथ देत रे. आजपासून ही बोट तू ने."

टोमणा नव्हता त्यात. किन्हवलीच्या एसटीत बसून गेले. बोटींच्या मालकाने दोनदा बोलावलं, पण आले नाहीत. चूक दाखवताना मला झालेला आनंद अजून खुपतो.

आता सगळी गिऱ्हाइकं माझी. दोरी मी मनगटात अडकवतो. बोट सोडताना धक्क्याकडे नजर जाते, पण कोणी विचारत नाही.

परवा मुलगी पहिल्यांदा माझ्या बोटीत बसली. मी इंजिनला हात घातला, तशी म्हणाली, "बाबा, किती?"

पुन्हा त्यांच्यावर जळलो. मग मोजायला लागलो, तिच्यापासून.