एकाच पंपात

आमच्या बियाणे कंपनीच्या हेल्पलाइनवर सुमेधा माझ्या शेजारच्या खुर्चीत बसते. ऑफिस नवीन जालन्यात, आणि कपाशीच्या हंगामात फोन असे वाजतात की चहा गार होऊन त्यावर साय धरते. बदनापूरला शेतीचं शिक्षण घेतलेली ही पोरगी दिवसभर एकच धडा घोकत असते. शेतकरी विचारतो, अळीचं औषध, बुरशीचं औषध आणि वरून टॉनिक, सगळं फवारणीच्या एकाच पंपात कालवून मारलं तर चालेल का? ही न चिडता सांगते, "दादा, एकाच पंपात न्हाई. पानं करपतील. आधी एक मारा, पीक बघा, मंग दुसरं." तिच्या जागी मी असते तर तिसऱ्याच फोनला ओरडले असते. लोक मात्र सुमेधा मॅडमलाच फोन द्या म्हणून अडून बसतात.

तिच्या गालांवर शाळेपासून मुरूम, आणि मुरूम गेला की त्या जागी काळा डाग. त्यावर बोलायचा हक्क जणू अख्ख्या जालन्याला आहे. रिक्षावाला सांगतो पोट साफ ठेवा, शेजारीण सांगते लग्न झालं की जातात. मला या फुकटच्या डॉक्टरांचा भयंकर संताप येतो. सुमेधा ऐकून घेते आणि स्कार्फ आणखी घट्ट करते. उन्हासाठी इथल्या सगळ्याच पोरी तोंड बांधतात, पण ऑफिसात आल्यावर सोडतात. ही जेवणाच्या सुट्टीपर्यंत सोडत नसे.

यंदा मार्केटिंगच्या साहेबांनी ठरवलं की फोनवरचा सल्ला व्हिडिओतून द्यायचा. लिहायचं सुमेधानं, आणि कॅमेऱ्यासमोर बोलायचंही तिनंच. सुमेधाला ते मनापासून हवं होतं, आणि तेही आईसाठी. तिची आई, बेबीनंदामावशी, एमआयडीसीत बियाण्याच्या प्लांटवर निवडणीचं काम करतात. लेक नुसतं फोनवर बोलते आणि त्याचा पगार मिळतो, हे त्यांच्या सोबतच्या बायांना पटतच नव्हतं. त्या बायांनी सुमेधाला पाहिलं होतं ते गेटवर आईला सोडताना, स्कुटीवर, तोंड बांधलेलं. "एकदा त्या सगळ्या बायांसमोर मी दिसले पाहिजे," असं ती मला म्हणाली. शूटिंगला महिना होता.

तेवढ्यात चेहरा साफ करायचा म्हणून तिनं ऑनलाइन चार सीरम मागवले. मुरमांसाठी सॅलिसिलिक ॲसिड, डागांसाठी व्हिटॅमिन सी, मेलेली कातडी काढायला ग्लायकोलिक ॲसिड आणि नवी कातडी यायला रेटिनॉल. एकेकटी बाटली चांगली असेलही. पण एकेक लावून बघायला बाईसाहेबांना सवड कुठे होती? चारही बाटल्यांचे थेंब तळहातावर घेतले, बोटानं कालवले आणि सकाळ-संध्याकाळ चेहऱ्याला फासले. तोंड पांढरं दिसतं म्हणून सनस्क्रीन नाही. आग व्हायला लागली तर म्हणे, औषध काम करून राह्यलं. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, ही म्हण हिच्यासाठीच केली असावी.

थोड्याच दिवसांत गाल लालभडक झाले, ओठांच्या कडेला पापुद्रे सुटले, साधं पाणीही झोंबायला लागलं. मी तिला ओढतच कातडीच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी चारही बाटल्या बंद करायला लावल्या. आधी नुसतं साधं मॉइश्चरायझर आणि सनस्क्रीन. कातडी शांत झाली की एकच औषध, तेही आठवड्यातून दोनदा, आणि ते सोसलं तरच दुसरं. सावळ्या कातडीवर भाजल्यासारखं झालं की तिथे आणखी काळं पडतं आणि उतरायला महिने लागतात, हेही सांगितलं. म्हणजे पोरगी आगीतून फुफाट्यात पडली होती. बाहेर आल्यावर मी चिडून विचारलं की तू दिवसभर लोकांना काय सांगतेस.

"लोकांना पुढचा हंगाम असतो," ती म्हणाली. "मला महिनाच होता."



ती साहेबांकडे गेली. शूटिंग पुढे ढकला, नाहीतर आहे त्या चेहऱ्यानं बोलते, म्हणाली. साहेब फार गोड बोलले. आवाज तुझाच ठेवू, फक्त चेहरा मीनाचा घेऊ. मीना अकाउंटमधली, गोरीपान, अळी आणि बोंड यांतला फरक तिला माहीत नाही. ती कॅमेऱ्यासमोर नुसते ओठ हलवत राहिली, आणि कोपऱ्यात उभी राहून सुमेधा बोलत राहिली. मी साहेबांशी भांडले, तर त्यांनी मला माझे फोन घ्यायला सांगितलं. व्हिडिओ गावोगाव फिरला.

त्या आठवड्यात मी तिच्या घरी गेले होते. मावशी नुकत्याच कामावरून आल्या होत्या आणि नेहमीपेक्षा जास्त बोलत होत्या. जेवणाच्या सुट्टीत कुणीतरी तो व्हिडिओ लावला, मावशींनी आवाज ओळखला आणि ही माझी सुमेधा म्हणून सगळ्यांना सांगितलं. बाया गोळा झाल्या, दोन-दोनदा पाहिला.

"म्हणल्या, बेबीनंदा, किती गोरी न् नितळ पोरगी हाय गं तुझी," मावशी म्हणाल्या.

सुमेधानं विचारलं, "मंग तू काय म्हणलीस?"

मावशींनी तिच्याकडे पाहिलं नाही.

"हो म्हणलं," त्या म्हणाल्या.