वहिनीच्या हातची धार

आमची वहिनी म्हणजे अण्णांच्या गळ्यातला ताईत. लग्न होऊन या सुतारकामाच्या घरात आली तेव्हा रंधा कसा धरतात हेही ठाऊक नव्हतं बाईला! मी अण्णांची सख्खी मुलगी, भुशात लोळत मोठी झालेली. आणि त्यांच्या पटाश्यांना हात लावायची परवानगी कुणाला? तिला. जळते मी, उघड सांगते.

दगडावर धार लावली की पात्याच्या दुसऱ्या अंगाला पोलादाची बारीक किनार वळते. आम्ही तिला तार म्हणतो. डोळ्यांना दिसत नाही, बोटाला लागते. ती काढायची तर हात हलका ठेवून एकदा या अंगानं, एकदा त्या अंगानं घासत राहायचं. मला कुठला एवढा धीर? मी पातं लाकडात खुपसून तार तोडूनच टाकते. मग कड फाटते, लाकडावर ओरखडे उठतात आणि अण्णा ते बघून म्हणतात, "गाडी चुकत होती का तुझी?" वहिनीच्या पटाशीला मात्र, "वा, सूनबाई!" माझ्या अंगाची नुसती लाही लाही होते.

परवा अण्णांनी बाकावरच्या पटाशीवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "बघ, तार कशी साफ गेलीय!" ते जेवून आडवे झाल्यावर मी बोट लावलं. अगं बाई! या टोकापासून त्या टोकापर्यंत तार. सापडली एकदाची! मी पटाशी घेऊन तरातरा स्वयंपाकघरात गेले.

"वहिनी, हीच का तुझी धार?"

तिनं ओल्या हातानं दार लोटलं. "हळू बोला, वन्सं. ती आज अण्णांनी स्वतः लावलीय. त्यांच्या अंगठ्याला आता तार कळत नाही."

"कधीपासून?"

"झाले बरेच महिने. ते आडवे झाले की मी त्यांची हत्यारं पुन्हा दगडावर घेते. त्यांना कळू देऊ नका हं."

माझे डोळे भरून आले. तरी मनात पहिलं आलं ते हेच, की मेलं हेसुद्धा आधी हिलाच कळावं?

"द्या इकडे," ती म्हणाली.

"काही नको. मी काढते."

दगडापाशी बसले. जन्मात कधी नाही एवढा हात हलका ठेवला. झाल्यावर पटाशी घेऊन सवयीनं अण्णांच्या खोलीकडे वळले आणि दारातच थांबले. त्यांना विचारून आता काय कळणार होतं?

परत फिरले आणि पटाशी वहिनीपुढे धरली.